तेवीस तुळया, तेवीस टिपके

व्यंकोबाराव कुठल्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. यजमान दारात हात जोडून "या, या" म्हणतोय आणि हे चपला काढता काढता मान मागे टाकून छताकडे बघताहेत. छत पाहून झालं की मग माणसांची पाळी. एका लग्नात ते मुठीत अक्षता धरून असेच वर बघत उभे होते. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, ह्यांच्या मुठीतल्या मुठीतच. मी कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाले, "तो पंखा डोलतोय पाहा हो सार. नेमका नवऱ्याच्या टाळक्यावर." आणि मॅनेजरला गाठून तो पंखा बंद करवल्याशिवाय ते जेवायला बसले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली आणि सेक्रेटरी म्हणून तिथे मीच बोललो. साधेपणा, निष्ठा, सेवाभाव, असे सगळे नेहमीचे शब्द मी वापरले. लोक म्हणाले, छान बोललात. जी एक गोष्ट बोलायला हवी होती ती मी बोललो नाही. ती आता लिहितो आहे. हा माणूस तुम्हाला नीट दिसला तरच माझी लाज तुम्हाला पुरती कळेल, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

ते तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं घराणं. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, वर तमिळ हेल आणि मधूनमधून तमिळ शब्द. 'सगळं' म्हणायचं झालं की 'अस्कं' म्हणत. "जाहलं," "करतों," "जातों". मी सांगलीहून बँकेच्या बदलीवर इकडे आलेला. मला त्या बोलण्याची आधी गंमत वाटली, मग सवय झाली, आणि आपली मराठी तेवढी शुद्ध हा समज काही मनातून गेला नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या डब्यांत वायरिंग करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर जॉर्ज टाउनमधल्या जुन्या इमारतींची कामं करायचे. त्या गल्ल्यांतले कागदवाले, भांडीवाले, मसालेवाले त्यांना 'राव सार' म्हणत, आणि राव सारने ओढलेली वायर म्हटली की पुढे कोणी काही विचारत नसे. माणसाने कमावलं होतं ते एवढंच, हे नाव.

मंडळाचा हॉल त्याच भागात, एका कागदाच्या घाऊक दुकानाच्या वर. जुन्या मद्रासी पद्धतीचं छत, म्हणजे हातहातभर अंतरावर सागवानी तुळया, त्यांच्यावर उभ्या विटा आणि चुना. चुन्याचे कण डोक्यावर पडतात म्हणून कुण्या जुन्या कमिटीने तुळयांना खालून पातळ फळ्या मारून घेतल्या होत्या. वायरिंग कुठल्या जमान्यातलं होतं देव जाणे. पंखा लावला की ट्यूब मिचमिचायची. मी सेक्रेटरी झालो, आणि पहिल्याच सभेत वायरिंग नवं करायचा ठराव आणला. काम अर्थातच व्यंकोबारावांकडे गेलं.

पहिल्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बघायला गेलो, तर हे हॉलच्या मधोमध चटईवर उताणे पडलेले. फळ्या उतरवून भिंतीला लावल्या होत्या. डोळे उघडे, हात छातीवर. मला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं. हाक मारली तर म्हणाले, "निजून पाहतों, सार. उभं राहून छत पाहिलं तर आपली मान दुखते, आणि मान दुखली की माणूस घाई करतो." असे ते तासभर पडून होते. मी खाली जाऊन कागदवाल्याला सांगून आलो, की आमचे इलेक्ट्रिशियन वर झोपा काढताहेत. तो हसला नाही. म्हणाला, "राव सार अजून वर बघतायत? मग काम चांगलं होणार."

काम सुरू करताना मेन स्विच पाडून ते चिनीमातीचा फ्यूज उपसून काढायचे आणि खिशात घालायचे. "माझा जीव माझ्या खिशात बरा. स्विच कोणीही येऊन वर करतो. फ्यूजच नाही तर काय करेल?" पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला बटण नव्हतं, वाकलं की फ्यूज पडायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा बँकेचा शर्ट न्याहाळला आणि फ्यूज माझ्या हातात दिला. "तुमच्या खिशाला बटण आहे. तुम्ही सेक्रेटरी. ठेवा." मी तो दुपारभर खिशात घेऊन जबाबदार चेहऱ्याने बसून होतो. आपल्या खिशात काय दिलंय याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

तुळईला भोक पाडायचं त्यांचं एक शास्त्र होतं. हाताने फिरवायचं गिरमिट घ्यायचे. भुसा तळहातावर धरायचे, बोटांनी चुरडायचे, हुंगायचे. वाळवी, ओल, कूज, सगळं त्या भुशात कळतं म्हणायचे. "तुळईचं पोट कापू नये, सार. सगळा ताण पोटाला. पाठ कापू नये, तिच्यावर अस्का भार. भोक पाडावं बेंबीत. तेही लहान, वायरीची नळी जाईल एवढंच. आणि भिंतीजवळ नको. तिथं ती टेकून बसली आहे. टेकलेल्याला काय म्हणून हलवायचं?" मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, तुळईला पोट, पाठ, बेंबी! म्हाताऱ्याने लाकडाचं पार बाळंतपण मांडलंय.

नवव्या तुळईशी ते अडले. पूर्वी कुणीतरी पाइप न्यायला तिचं पोट खालून चांगलं तीन बोटं खाचून ठेवलं होतं. व्यंकोबाराव शिडीवरून खाली उतरले आणि म्हणाले, वायर आता बंद, आधी हाड बसवायचं. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर. ते आले, चिडले. "अहो, इतकी वर्षं उभी आहे ना ती? तुम्ही तुमची वायर टाका." व्यंकोबाराव म्हणाले, "उभी आहे म्हणून बरी आहे असं नव्हे, सार." आणि दोन्ही अंगांना सागवानी फळ्या लावून, आरपार बोल्ट घालून त्यांनी ती तुळई बांधून काढली. दोन दिवस त्यातच गेले. अध्यक्षांना आपल्यापुढे वायरमनने शहाणपण पाजळलेलं रुचलं नाही. ते त्यांनी मनात ठेवलं.

त्याच सुमारास आमचं स्नेहसंमेलन झालं, आणि मी स्टेजवर व्यंकोबारावांची नक्कल केली. जमिनीवर उताणा पडलो, "अस्कं पाहतों, सार, अस्कं पाहतों" म्हणालो, तुळईच्या बेंबीला हात लावला. हॉल नुसता कोसळत होता हसून. पहिल्या रांगेत ते स्वतः बसले होते. तेही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ आले. मी जरा चपापलो. म्हणाले, "चांगलं केलंत. फक्त एक. मी निजतों तेव्हा उशाशी टॉर्च असतो. तो तुम्ही विसरलात." एवढं सांगून ते कॉफी घ्यायला गेले.

काम पुरं झालं. फळ्या परत चढल्या आणि सगळ्या वायरी दिसेनाशा झाल्या. मग त्यांनी एका डबीत लाल रंग आणला आणि शिडी सरकवत सरकवत, प्रत्येक तुळईखालच्या फळीवर, जिथून वायर जाते तिथे, बोटाने एकेक टिपका लावला. तेवीस तुळया, तेवीस टिपके. "वायर दिसत नाही म्हंजे नाही असं नव्हे. माणूस आहे, कधीतरी खिळा मारणारच. इथं मारू नये." शिवाय एका कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीने अख्ख्या छताचा नकाशा काढून दिला. कुठली तुळई, खिडकीच्या भिंतीपासून किती इंचांवर भोक, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. खाली बांधलेल्या नवव्या तुळईचीही नोंद. तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी घडी घालून टेबलाच्या खणात टाकला.

पुढच्या गणपतीला मोठे पाहुणे यायचे होते. छतावर ते लाल टिपके बघून मला कसंसंच व्हायचं, हॉलला गोवर आल्यासारखं. मी कमिटीत रंगकामाचा विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगाऱ्याने दोन हात पांढरा मारला. छत लखलखीत झालं आणि टिपके गेले. व्यंकोबारावांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी बाकी सगळे जेवायला गेले होते. मूर्तीवर फुलांचं छत्र अधांतरी टांगायचं, ही माझी कल्पना. सांगलीत आमच्या गल्लीत तसं असायचं. दोरी बांधायला वर काहीतरी हवं होतं. मी स्वतः शिडीवर चढलो, बोटांनी ठोकून तुळई कुठे आहे ते पाहिलं आणि चार इंची खिळा ठोकला. नकाशा वीस पावलांवर खणात होता. छत्र फार शोभलं, पाहुण्यांनी फोटो काढून घेतले. विसर्जनानंतर मी खिळा पकडीने उपटला, भोकात लांबी भरली आणि विसरून गेलो.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. भर दुपार, हॉल बायकांनी भरलेला, सगळे पंखे चालू, कॉफीचं मोठं इलेक्ट्रिक भांडं लावलेलं. आधी जळका वास आला. मग पांढऱ्या छतावर एक तपकिरी डाग उमटला, बघता बघता काळा झाला आणि फळीच्या फटीतून धूर यायला लागला. जिना अरुंद. किंचाळ्या, ढकलाढकली. देशपांडेकाकू पायऱ्यांवर पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी मेन स्विच पाडला. कागदवाल्याच्या माणसांनी वर येऊन पाणी मारलं. खाली टनावारी कागद होता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, त्याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही. डाग कुठे पडलाय हे मात्र मला शिडीशिवाय दिसत होतं. बरोबर जिथे छत्र टांगलं होतं तिथे.

व्यंकोबाराव रिक्षा करून धावत आले. कॉफीसुद्धा घेतली नाही. फळी उतरवली, टॉर्च लावला. वायरीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या, उरलेल्यांवर सगळा भार, त्या तापून तापून लाकूड कोळसा झालेलं. आणि कोळशाच्या काठाशी, तुळईच्या पोटात, सरळ वर गेलेलं एक बारीक भोक. त्यांनी त्यात करंगळीचं टोक लावून पाहिलं. मग शिडीवरून खाली माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्याच आठवड्यात कमिटीची बैठक झाली. व्यंकोबारावांना बोलावून घेतलं होतं. ते पांढरा सदरा घालून, कपाळाला गंध लावून आले आणि टोकाच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी सुरुवातच अशी केली, की झाकलेली वायर आणि तीही लाकडातून, हा प्रकार आपल्याला पहिल्यापासून पसंत नव्हता.

"खिळा लागला आहे, सार," व्यंकोबाराव म्हणाले.

"लागणारच! आत वायर आहे हे खिळा मारणाऱ्याला कळणार कसं?"

"टिपके होते."

"टिपके म्हणजे काय नोंद झाली? वायर कुठून नेली याचा काही कागद दिला होतात का तुम्ही?"

"दिला होता. सेक्रेटरी सारकडं."

सगळे माझ्याकडे वळले. काकूंचे मिस्टर समोरच बसले होते. मला दोन शब्द बोलायचे होते, "दिला होता". त्यामागून पुढचा प्रश्न आला असता, मग खिळा कुणी मारला. माझी पाचावर धारण बसली. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "तसा काही कागद माझ्या पाहण्यात नाही."

व्यंकोबाराव माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. ते नुसते बघत होते, निजून छत बघावं तसे, कुठे काय भरलंय ते. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मग दिला नसेल. वय जाहलं." आणि पुढे, "माझंच भोक होतं ते. बेंबीत होतं, पण आणखी बोटभर वर घ्यायला हवं होतं. वर लोखंडी पट्टी मारायला हवी होती. खिळा मारणारा असतोच. त्याचा विचार वायर ओढणाऱ्यानं करायचा. चूक माझी."

तसं मिनिट्समध्ये लिहिलं गेलं. लिहिणारा मीच. यापुढे मंडळाची कामं एका कंपनीकडे द्यावीत असा ठराव झाला. ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला, काकूंच्या मिस्टरांपुढे जरा जास्त वाकले. "परवाल्ला, परवाल्ला," ते म्हणाले. असू दे, चालायचंच, या अर्थाने तमिळ माणूस म्हणतो तसं.

जॉर्ज टाउनमध्ये बातमीला गल्ली ओलांडायला वेळ लागत नाही. राव सारने मराठी हॉलला आग लावली. मसालेवाल्याने चालू काम थांबवलं. भांडीवाल्याने दुसरा माणूस बघितला. कागदवाला तेवढा मला जिन्यात धरून विचारत राहिला, "सार, खरंच त्यांची चूक?" मी म्हणायचो, "वय झालं हो." चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. नकाशा मी खणातून काढून घरी नेला. फाडायला गेलो आणि फाडवेना, म्हणून कपाटात कपड्यांखाली ठेवला.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता सुनावतील. एकदाचं सुनावलं तर बरं, असंही वाटलं. म्हणाले, "कंपनीनं जळलेला तुकडा तेवढा बदलला, बाकी वायर माझीच आहे ना? आणि टिपके नाहीत. पुन्हा कोणी खिळा मारेल. एक दुपार हॉल उघडून द्याल का, सार?"

त्या दुपारी मी नकाशा खिशात घालून गेलो. त्यांच्या हातात द्यायचा, सगळं सांगायचं, मग अध्यक्षांकडे जायचं, असं पक्कं ठरवून. ते लाल रंगाची डबी घेऊन आले होते. खूप वाळले होते. त्यांनी मेन पाडला, फ्यूज उपसला. मी नकळत शर्टाच्या खिशाचं बटण काढायला गेलो. त्यांनी फ्यूज रुमालात बांधला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. माझा हात खिशाशी तसाच राहिला.

मी शिडी धरली. ते चढले. फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचे, कान द्यायचे, खिडकीच्या भिंतीपासून टेपने मोजायचे, ओठांत काही पुटपुटायचे आणि टिपका लावायचे. उतरायचे, शिडी एक हात पुढे, पुन्हा चढायचे. हातात कागद नव्हता. दर तुळईला मला वाटायचं, ही झाली की सांगू. दहावी झाली की सांगू. पंधरावी झाली की सांगू. माझ्या तोंडातून शब्द आले ते एवढेच, "जपून, राव."

तेविसावा टिपका लावून ते खाली आले. दम लागला होता. बोट रुमालाला पुसत, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"आता कागदाशी ताडून पाहा. तुमच्यापाशी आहे ना? एखादा चुकला असेल तर सांगा, आत्ताच चढतों. पुन्हा चढवेल असं वाटत नाही."

मी बटण काढलं, कागद बाहेर काढला, घडी उलगडली. नाही म्हणायला आता जागाच नव्हती, आणि त्यांनी तो कुठून आला हे विचारलं नाही. ते शिडीच्या दांडीवर हात ठेवून वाट बघत उभे राहिले, पुन्हा चढायच्या तयारीने. मी एकेक तुळई मोजत गेलो. प्रत्येक टिपक्यापाशी मीच शिडी चढलो, टेप लावली. इंचाचाही फरक नव्हता.

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

"अस्के?"

"अस्के."

तो शब्द मी स्टेजवर कितीदा तरी म्हणून हशा मिळवला होता. या वेळी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो.

"बरं. तो आता इथंच ठेवा. पुढच्याला लागेल," ते म्हणाले. फ्यूज परत बसवला, डबीचं झाकण घट्ट केलं. "जाऊन येतों."

दारात चपला घालताना त्यांनी मान मागे टाकून, नेहमीसारखं, भिंतीपासून भिंतीपर्यंत छताकडे पाहिलं. मग कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत, ते जिना उतरून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.